विश्लेषण : रस्ता ३० हेक्टरचा, झळ २०० हेक्टरला? जंगलाचे तुकडे पडल्यावर मातीतील कार्बनचे काय होते?

जंगलातून रस्ता, रेल्वेमार्ग किंवा वीजवाहिनी नेताना किती झाडे तुटणार, यावर चर्चा होते. वाघ, हत्ती, गव्यांच्या वाटांवरही आता चर्चा होऊ लागली आहे. मात्र जंगलातील निम्म्याहून अधिक कार्बन ज्या मातीत साठलेला असतो, तिचे काय होते, हा प्रश्न कुठल्याच फाइलमध्ये ठळकपणे दिसत नाही. जंगल पूर्ण न तोडता त्याचे केवळ तुकडे केले, तरी मातीतील कार्बनचे गणित बदलते का? आणि बदलत असेल तर भारताच्या हवामानविषयक आश्वासनांशी त्याचा संबंध काय?

हा विषय चर्चेत का?

भारताने पॅरिस करारांतर्गत २०३०पर्यंत जंगले आणि वृक्षाच्छादनाच्या माध्यमातून २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषणारा अतिरिक्त साठा निर्माण करण्याचे आश्वासन दिले आहे. डिसेंबर २०२४मध्ये जाहीर झालेल्या ‘भारत वनस्थिती अहवाल २०२३’नुसार २००५च्या तुलनेत यापैकी २.२९ अब्ज टनांचा टप्पा गाठला गेला आहे. देशाचे वन आणि वृक्षाच्छादन ८ लाख २७ हजार ३५७ चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २५.१७ टक्के असल्याचेही हा अहवाल सांगतो. आकडे पाहता देश उद्दिष्टाच्या जवळ आहे.

त्याच वेळी जंगलातून जाणाऱ्या रेषीय प्रकल्पांची, म्हणजे महामार्ग, रेल्वेमार्ग, वीजवाहिन्या, कालवे यांची संख्या वाढते आहे. नागपूर ते गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी असा सुमारे ८०० किलोमीटरचा प्रस्तावित शक्तिपीठ महामार्ग सह्याद्री ओलांडणार असल्याने त्याच्या आखणीवरून वाद आहे. गोव्यातील मोले येथे रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग रुंदीकरण आणि वीजवाहिनी या तीन प्रकल्पांविरोधात मोठे आंदोलन झाले. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातील रेल्वे दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता रद्द केली. अशा प्रकल्पांत जंगल सपाट होत नाही, ते दुभंगते. त्यामुळे वनक्षेत्राच्या टक्केवारीत फारसा फरक पडत नाही. मातीत मात्र पडू शकतो.

जंगलातील कार्बन मातीत कसा?

झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन खोड, फांद्या, पाने, मुळे तयार करते. पाने गळतात, फांद्या मोडतात, बारीक मुळे मरतात. या पालापाचोळ्यावर वाळवी, गांडुळे, बुरशी आणि जिवाणू काम करतात. यातील बराचसा कार्बन जिवाणूंच्या श्वसनातून पुन्हा हवेत जातो. उरलेला भाग कुजून मातीत मिसळतो. त्यातील काही मातीच्या चिकण कणांना असा घट्ट चिकटतो, की तो शेकडो वर्षे तिथेच राहू शकतो.

शेतकऱ्यांच्या माती परीक्षण अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ नावाचा जो रकाना असतो, तो हाच. शेतात तो कमी झाला की जमीन ‘थकली’ असे म्हणतात. जंगलात तो दरवर्षीच्या पानगळीतून भरला जातो.

वनस्थिती अहवाल जंगलातील कार्बन पाच ठिकाणी मोजतो : जमिनीवरील झाडोरा, जमिनीखालील मुळे, मृत लाकूड, पालापाचोळा आणि माती. २०२३च्या अहवालानुसार देशातील जंगलांत एकूण सुमारे ७२८ कोटी ५५ लाख टन कार्बन आहे. त्यातील सुमारे ५५ टक्के वाटा एकट्या मातीचा आहे. तोही मातीच्या वरच्या ३० सेंटीमीटर थरातला. म्हणजे झाडांची उंची मोजून जंगलाच्या ‘किमती’चा अंदाज बांधला, तर निम्मा हिशेब चुकतो. जगभराचा विचार केला तरी चित्र असेच आहे. जमिनीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन असल्याचे मानले जाते, जो वातावरणातील कार्बनपेक्षा अधिक आहे.

तोड आणि तुकडे यांत फरक काय?

जंगल तोडून तिथे शेती किंवा इमारत झाली, तर नुकसान सरळ दिसते. नैसर्गिक जंगलाची शेतजमीन झाली की मातीतील कार्बन सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, असे जगभरातील अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या २००२मधील एका गाजलेल्या शोधनिबंधात म्हटले आहे. तुकडे पडण्याचा परिणाम याहून वेगळा आहे. तो जागेवर उभ्या राहिलेल्या जंगलावर होतो.

यामागे साधी भूमिती आहे. एक किलोमीटर लांब आणि तेवढेच रुंद, म्हणजे १०० हेक्टरचे चौरस जंगल घेऊ. बाहेरचे ऊन-वारे काठापासून १०० मीटर आतपर्यंत परिणाम करतात असे धरले, तर आतले ‘खरे’ जंगल ६४ हेक्टर उरते. आता याच जंगलाचे चार समान चौरस केले आणि ते एकमेकांपासून वेगळे केले. झाडे तेवढीच आहेत, क्षेत्र तेवढेच आहे. पण प्रत्येक २५ हेक्टरच्या तुकड्यात आतला गाभा ९ हेक्टरचा, म्हणजे चार तुकड्यांत मिळून ३६ हेक्टर. सोळा तुकडे केले तर गाभा उरतो फक्त ४ हेक्टर. कागदावर १०० हेक्टर जंगल कायम आहे. प्रत्यक्षात त्यातील ९६ हेक्टर हा ‘काठ’ झाला आहे.

रस्त्याचे गणितही असेच. दाट जंगलातून १० किलोमीटर लांब आणि ३० मीटर रुंद रस्ता गेला, तर ३० हेक्टर वनजमीन वळती झाल्याची नोंद होते. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना १००-१०० मीटरचा पट्टा धरला, तर आणखी २०० हेक्टर जंगल काठाच्या प्रभावाखाली येते. या २०० हेक्टरची नोंद कुठेच होत नाही. हा परिणाम सर्वत्र १०० मीटरच असतो असे नाही. काही घटकांचा तो २०-३० मीटरवर संपतो, तर काहींचा त्याहून खूप आत पोहोचतो.

जगातील उरलेल्या जंगलांपैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र हे कुठल्या ना कुठल्या काठापासून एक किलोमीटरच्या आत आहे, असे २०१५मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले. उष्ण कटिबंधातील जंगले सुमारे पाच कोटी तुकड्यांत विभागली गेली असून त्यांचे १९ टक्के क्षेत्र काठापासून १०० मीटरच्या आत आहे, असे २०१७च्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले.

काठावरच्या मातीत काय बदलते?

दाट जंगलात दुपारीही जमिनीवर गारवा आणि ओल असते. छत्रासारखे पसरलेले पर्णछत ऊन अडवते, वारा थोपवते. काठावर बाजूने ऊन आणि वारा आत घुसतो. माती तापते, पालापाचोळा सुकतो. यातून तीन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात.

पहिली, उष्णता. तापमान वाढले की मातीतील जिवाणूंचा वेग वाढतो. साधारणपणे १० अंश सेल्सिअस वाढीमागे मातीच्या श्वसनाचा वेग दुपटीच्या आसपास जातो. ओल पुरेशी असेल, तर साठलेला कार्बन अधिक वेगाने हवेत जातो. दुसरी, कोरडेपणा. माती फारच सुकली तर जिवाणूंचे काम मंदावते, पालापाचोळा कुजत नाही, तसाच पडून राहतो. हा कार्बन वाचल्यासारखा दिसतो. पण सुकलेला पाचोळा वणव्याला सर्वांत आधी बळी पडतो. तिसरी, पुरवठा. काठावर वाऱ्याने मोठी झाडे पडतात, मरतात. सुरुवातीची काही वर्षे मातीला जास्त लाकूड आणि पाने मिळतात. नंतर मात्र मोठ्या झाडांच्या जागी वेली आणि हलक्या लाकडाची, लवकर वाढणारी झाडे येतात. दीर्घकाळात मातीकडे येणारा टिकाऊ माल कमी होऊ शकतो.

मातीत कार्बन घटतो की वाढतो, हे या तिन्हींच्या ओढाताणीवर ठरते. म्हणूनच ‘तुकडे पडले की मातीतील कार्बन हमखास घटतो’ असे सरसकट विधान करता येत नाही.

प्रत्यक्ष अभ्यास काय सांगतात?

ब्राझीलमधील मनाऊस शहराजवळ १९७९मध्ये थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने एक अनोखा प्रयोग सुरू झाला. अमेझॉनच्या जंगलात १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे वेगळे राखून त्यांचा दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. तुकड्यांच्या काठापासून १०० मीटरच्या आत जमिनीवरील झाडोऱ्याचे वस्तुमान पुढील १० ते १७ वर्षांत ३६ टक्क्यांपर्यंत घटल्याचे १९९७मध्ये जाहीर झाले. सर्वाधिक फटका मोठ्या झाडांना बसला होता. काठाजवळच्या मातीत मात्र उलटे चित्र दिसले. तिथे कार्बन थोडा वाढला होता, कारण मेलेल्या झाडांचे लाकूड आणि पाने मातीला मिळत होती. म्हणजे झाडे जो कार्बन गमावत होती, त्याचा लहानसा भाग माती सांभाळत होती. ही भर झाडांच्या मरणातून आलेली आहे, हे लक्षात घेतले तर तिला ‘फायदा’ म्हणता येत नाही.

अमेरिकेतील बोस्टन परिसरातील संशोधकांनी समशीतोष्ण जंगलांत मातीचे श्वसन मोजले. ग्रामीण भागातील जंगलांच्या काठावर माती उबदार होती आणि तिच्यातून आतल्या जंगलापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. शहरातील जंगलांच्या काठावर मात्र माती इतकी तापलेली आणि कोरडी होती, की श्वसन उलट मंदावले होते. एकाच प्रदेशात, एकाच प्रकारच्या जंगलात, शेजारी गवताळ कुरण आहे की काँक्रीट, यावर उत्तर बदलले.

माती दीर्घकाळ तापली तर काय होते, याचे उत्तर मॅसॅच्युसेट्समधील हार्वर्ड फॉरेस्टमधून मिळते. तिथे १९९१पासून जमिनीत तारा पुरून माती सभोवतालपेक्षा पाच अंश गरम ठेवली जात आहे. २६ वर्षांच्या नोंदींनंतर मातीच्या वरच्या ६० सेंटीमीटर थरातील १७ टक्के कार्बन कमी झाल्याचे दिसले. हा ऱ्हास सलग नव्हता. काही वर्षे वेग वाढायचा, काही वर्षे थांबायचा, पुन्हा वाढायचा. दोन-तीन वर्षांच्या पाहणीतून ‘काही फरक नाही’ असा निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे या प्रयोगातून कळते. जंगलाच्या काठावरील तापमानवाढ बहुतेकदा पाच अंशांपेक्षा कमी असते, पण ती कायमची असते.

सह्याद्री आणि विदर्भात चित्र वेगळे का?

काठाचा परिणाम आत आणि बाहेर यांतील तफावतीवर अवलंबून असतो. आंबोली, तिलारी, मोले या पट्ट्यातील सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात आतला भाग वर्षभर गार आणि ओलसर असतो. त्याला लागून डांबरी रस्ता, खाण किंवा मोकळा माळ आला, तर ही तफावत मोठी असते. शिवाय इथे उतार तीव्र आहेत आणि पावसाचे बहुतेक पाणी चार महिन्यांत कोसळते. पालापाचोळ्याचे आच्छादन गेलेल्या, कापलेल्या डोंगरउतारावरून सेंद्रिय कर्बाने समृद्ध असा वरचा थर पहिल्याच पावसाळ्यात वाहून जाऊ शकतो. हा थर तयार व्हायला मात्र शतके लागतात.

सिंधुदुर्गात आणखी एक प्रश्न आहे. तिथल्या जंगलाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. त्याचे तुकडे महामार्गाने कमी आणि रबर, काजू, अननसाच्या लागवडीने जास्त पडतात. सावंतवाडी-दोडामार्ग हा पट्टा पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचा मुद्दा अनेक वर्षे न्यायालयात होता आणि २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याबाबत केंद्राला निर्देश दिले. पश्चिम घाटातील ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरवण्याचा सहावा मसुदा केंद्राने जुलै २०२४मध्ये काढला. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७ हजार ३४० चौरस किलोमीटरचा आहे.

विदर्भातील सागाची पानगळी जंगले वेगळी आहेत. उन्हाळ्यात झाडे निष्पर्ण असल्याने आत-बाहेरची तफावत त्या महिन्यांत कमी असते. पण तिथे काठाचा अर्थ वणवा असा होतो. रस्ता, शेत आणि वस्ती जिथे जंगलाला भिडते, तिथे मोहफुले वेचण्यासाठी, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून किंवा निष्काळजीपणे लावलेली आग आत शिरते. मातीला मिळणारा वर्षाचा पाचोळा काही तासांत जळतो. एका वर्षाच्या वणव्याने माती निकामी होत नाही; दरवर्षी त्याच पट्ट्यात आग लागली तर तिचा पुरवठाच तुटतो.

देवराया हे याच प्रश्नाचे जुने उदाहरण. एक हेक्टरच्या चौरस देवराईत कुठलेही झाड काठापासून ५० मीटरपेक्षा दूर नसते. म्हणजे ती पूर्णपणे ‘काठ’च. तरीही अनेक देवरायांत जमीन काळी आणि भुसभुशीत आढळते, कारण तिथे पडलेले पान आणि लाकूड उचलायचे नाही, हा दंडक गावाने पाळला. तुकडा लहान असला तरी मातीचा पुरवठा राखला तर नुकसान रोखता येते, हे त्यातून दिसते.

सरकारी हिशेबात हे का दिसत नाही?

याचे पहिले कारण व्याख्येत आहे. वनस्थिती अहवालात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या आणि १० टक्क्यांहून अधिक पर्णछत असलेल्या कोणत्याही जमिनीला वनाच्छादन मानले जाते. मालकी कोणाची, झाड कोणते, हे पाहिले जात नाही. त्यामुळे रबराचा मळा, काजूची बाग आणि सलग सदाहरित जंगल एकाच टक्केवारीत मोजले जाते. एका जंगलाचे सोळा तुकडे झाले तरी बेरीज तीच येते.

दुसरे कारण मंजुरीच्या पद्धतीत आहे. वनजमीन वळवताना निव्वळ वर्तमान मूल्य आणि भरपाईची लागवड, दोन्ही ‘वळवलेल्या हेक्टर’वर ठरतात. वरच्या उदाहरणात ३० हेक्टरचे पैसे भरले जातील, २०० हेक्टरच्या काठाचे नाही. प्रकल्प यंत्रणेलाही लांब आणि अरुंद पट्टा हा ‘कमी जंगल घेणारा’ म्हणून दाखवता येतो. हेक्टरच्या भाषेत ते खरेही असते.

तिसरे, उपाययोजना प्राण्यांपुरत्या थांबतात. पेंच परिसरात नागपूर-सिवनी महामार्गाखाली वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग बांधले गेले आणि वाघांसह अनेक प्राणी ते वापरताना कॅमेऱ्यात टिपले गेले. हे मोठे यश आहे. पण भुयारातून वाघ पलीकडे जातो, गारवा आणि ओल जात नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माती तापायची ती तापतेच.

भरपाईच्या लागवडीने तूट भरून निघते का?

काही प्रमाणात, आणि फार हळू. आधी उल्लेख केलेल्या २००२च्या छाननीनुसार, नैसर्गिक जंगलाच्या जागी लागवडीचे वन आले तर मातीतील कार्बन सरासरी १३ टक्क्यांनी घटतो. शेतजमिनीवर लागवड केली तर तो १८ टक्क्यांनी वाढतो. पण त्याच शेतजमिनीवर नैसर्गिकरीत्या जंगल परतू दिले तर वाढ ५३ टक्क्यांची दिसते. ही जागतिक सरासरी आहे आणि माती, पाऊस, खोली यांनुसार आकडे बदलतात. दिशा मात्र बोलकी आहे : रांगेत लावलेल्या एकाच जातीच्या झाडांपेक्षा आपोआप वाढणारे मिश्र जंगल मातीला जास्त परत देते.

लागवड कुठे होते, हेही तितकेच महत्त्वाचे. एका जिल्ह्यातील सलग जंगल दुभंगून दुसऱ्या जिल्ह्यात विखुरलेल्या लहान भूखंडांवर रोपे लावली, तर हेक्टरची बेरीज जुळते, पण दोन्हीकडे काठच वाढतो. हीच लागवड अस्तित्वातील जंगलांमधील फट बुजवण्यासाठी केली, तर तेवढ्याच रोपांत गाभा वाढतो.

मग करता काय येईल?

पहिला उपाय आखणीचा. नवा मार्ग जंगलाच्या मधून नेण्याऐवजी आधीच असलेल्या रस्त्याला किंवा वीजवाहिनीला समांतर नेला, तर नवा काठ कमी तयार होतो. घाटात बोगदा खर्चिक असतो. मात्र वाचणारे जंगल हेक्टरऐवजी काठाच्या लांबीत मोजले, तर खर्च-लाभाचे गणित बदलू शकते.

दुसरा उपाय काठ बंद करण्याचा. अमेझॉनमधील तुकड्यांभोवती पुन्हा झाडी वाढली तेव्हा काठाचे परिणाम सौम्य झाल्याचे आढळले. रस्त्याकडेला शोभेची झाडे लावण्याऐवजी स्थानिक झुडपे आणि झाडांची दाट, उतरती भिंत वाढू दिली तर ऊन आणि वारा अडतो. त्यासाठी चराई आणि वणवा काही वर्षे रोखावा लागतो.

तिसरा उपाय मोजण्याचा. प्रकल्पाच्या पर्यावरण आघात अहवालात नव्याने तयार होणाऱ्या काठाची लांबी, गाभ्याच्या क्षेत्रात होणारी घट आणि काठापासून वेगवेगळ्या अंतरांवरील मातीचे नमुने, एवढे तीन तक्ते बंधनकारक करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पहिले दोन उपग्रह नकाशावरून काढता येतात. तिसऱ्यासाठी माती परीक्षण प्रयोगशाळा पुरते. पश्चिम घाट आणि मध्य भारतातील जंगलांत अशा नोंदी दीर्घकाळ घेतल्या, तरच अमेझॉन किंवा मॅसॅच्युसेट्सचे निष्कर्ष इथे किती लागू पडतात, हे कळेल.

२०३०चे उद्दिष्ट झाडांच्या वाढीवर कदाचित गाठलेही जाईल. पण त्या हिशेबातील निम्म्याहून अधिक ठेव मातीत आहे. तिच्यातून होणारी गळती उपग्रहाच्या छायाचित्रात हिरव्या रंगाखाली झाकलेली राहते. जंगल किती उरले, यासोबत ते किती तुकड्यांत उरले, हा आकडाही दर दोन वर्षांनी जाहीर झाला, तर पुढच्या रस्त्याची आखणी करताना निदान त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागेल.